काडतुसांची वाटणी

जर्मनीहून काकांचं पत्र आलं ते १९८७ च्या एप्रिलमध्ये. बाबांनी नेहमीप्रमाणे ते मोठ्यानं वाचायला घेतलं. तब्येत, बर्फ, बटाटे असं सगळं यथासांग वाचून झालं आणि पुढच्या ओळीला त्यांचा आवाज एकदम खाली आला. ओळ अशी होती : "चि. मुलांकरिता यंत्र अकोल्यास व काडतुसे अमरावतीस पाठवीत आहे. दोन्ही घरांनी समान वाटा समजावा."

आई पोळी लाटता लाटता थांबली. काडतुसं! आणि तीही अमरावतीला!

आता हे इतकं घाबरण्यासारखं का होतं, ते सांगायला हवं. मोर्शीकडे आमचा संत्र्यांचा बगीचा होता. १९८० साली आजोबा गेले, वाटणी झाली, बगीच्याच्या मधोमध धुरा पडला, आणि नेमकी त्या धुऱ्यावर संत्र्याची सहा झाडं निघाली. सहा झाडं म्हणजे काही इस्टेट नव्हे. त्यांची संत्री विकून दोन भावांच्या वकिलांचा चहासुद्धा सुटला नसता. पण वऱ्हाडात माणूस एकवेळ शेत सोडील, धुरा सोडणार नाही. तेव्हापासून माझे वडील अकोल्याला आणि धाकटे काका अमरावतीला, मधे शंभर किलोमीटरचा रस्ता आणि सात वर्षांचा अबोला. एकमेकांना काही कळवायचं झालं तर आजीच्या मार्फत. तिचीही वाटणी झालेलीच होती. मृगापासून दिवाळीपर्यंत ती आमच्याकडे पिकायची आणि दिवाळीपासून उन्हाळा संपेपर्यंत अमरावतीला. अशा परिस्थितीत तिसऱ्या भावानं परदेशातून एका पक्षाला काडतुसं पुरवावीत, हे आंतरराष्ट्रीय संकेतांनाही धरून नव्हतं.

खुलासा आठवड्याभरानं झाला. जर्मनीकाकांना परदेशी गेल्यापासून मराठीचा भारीच कळवळा. अकोल्याला असताना जो मनुष्य 'मॉर्निंगला भेटू' म्हणायचा, तो तिकडे गेल्यावर प्रातःकाळी उठू लागला. त्यांनी पाठवला होता कॉम्प्युटर, आणि त्याला लागणाऱ्या कार्ट्रिजांचं भाषांतर केलं होतं शब्दकोशाप्रमाणे. कोशाचा काही दोष नाही. कार्ट्रिजला काडतूसच म्हणतात.

कुणा येणाऱ्याबरोबर यंत्र आमच्याकडे पोचलं. कमोडोर ६४ त्याचं नाव. मातकट रंगाचा, पुढे उतरता आणि मागे फुगीर असा टाइपरायटर, त्यात कागद घालायची सोय तेवढी नाही. सोबत विटेएवढा आणि विटेइतकाच जड ट्रान्सफॉर्मर, खेळायची एक दांडी म्हणजे जॉयस्टिक, आणि माहितीपुस्तक. पुस्तक संपूर्ण जर्मनमध्ये होतं. इथे मात्र काकांचा मराठीचा कळवळा कमी पडला.

यंत्राला पडदा नव्हता. तो टीव्हीचा घ्यायचा. पण हे यंत्र जे चित्र सोडायचं ते यूएचएफ पट्ट्यात, छत्तीस नंबरच्या चॅनेलवर, आणि आमच्या कृष्णधवल टीव्हीची खटाखट फिरणारी गोल मूठ बारावर संपायची. गल्लीतल्या टीव्ही मेकॅनिकनं पुष्कळ डोकं खाजवून एक वायर जोडून दिली आणि तिच्या दुसऱ्या टोकाला एक व्हीसीआर आणून बसवला. तो व्हीसीआर कुणीतरी त्याच्याकडे दुरुस्तीला टाकलेला. घातलेली कॅसेट तो चावून खायचा, पण मागच्या भोकातून आलेलं चित्र टीव्हीला समजेल अशा भाषेत सांगण्याचं काम मात्र इमानानं करायचा. आमच्या ऑफिसातही पुढे असे काही लोक मला भेटले.

बटण दाबलं. पडद्यावर करड्या चौकटीत करडी अक्षरं आली : कमोडोर ६४ बेसिक व्ही२, ३८९११ बेसिक बाइट्स फ्री, रेडी. आणि त्याखाली एक चौकोन लुकलुकू लागला.

तो पंधरा दिवस लुकलुकतच राहिला. काही टाइप केलं की 'सिंटॅक्स एरर' असं खेकसायचा आणि पुन्हा 'रेडी'. बाबा रोज ऑफिसातून आल्यावर कोट काढण्याआधी विचारायचे, "काय म्हणते?" मी म्हणायचो, "रेडी." ते म्हणायचे, "अरे, पण कायले?"

एवढ्यात अमरावतीहून चुलतभावाचं पोस्टकार्ड आलं. आमच्या पिढीचा अबोला नव्हता. त्यानं लिहिलं होतं, "आमच्याकडे चार काडतुसं आली आहेत आणि एक दांडी. पण ती घालायला आमच्याकडे भोक नाही. तुमच्याकडे आहे का?" मी यंत्र उलटं करून पाहिलं आणि उलट टपाली कळवलं, "मागच्या बाजूला आहे. लवकर ये."

पण येणं इतकं सोपं होतं थोडंच? काकांचा आजीमार्फत निरोप आला की ज्यांना गरज असेल त्यांनी यंत्र घेऊन यावं. बाबांनी आजीमार्फतच उत्तर पाठवलं की मोठ्याच्या घरी धाकट्यानं यायची रीत असते. जर्मनीकाकांचं न्यायदान असं पक्कं होतं की एकाकडे तोंड आणि दुसऱ्याकडे घास. अखेर आजी वैतागली. "मीच जाते अकोल्याले नातवाले घेऊन," म्हणाली. आता भर मे महिन्यात सत्तरीची आई, तेरा वर्षांचा पोरगा आणि जर्मनीचा माल एसटीत एकटा कसा सोडायचा? काका पोचवायला आले. अटीवर, की फाटकातून परत फिरणार.

एसटी मूर्तिजापूर घेऊन अकोल्यात आली तेव्हा टळटळीत दुपार होती. अकोल्याची मे महिन्यातली दुपार ज्यानं पाहिली नाही त्याला ती सांगून समजणार नाही आणि ज्यानं पाहिली आहे त्याला सांगायची गरज नाही. "भाऊजी, उन्हं उतरल्याशिवाय जायचं नाही," आई म्हणाली. घरात कूलर एकच, आणि ट्रान्सफॉर्मर तापतो म्हणून बाबांनी तो कॉम्प्युटरच्या तोंडावर लावलेला. त्यामुळे वाळ्याच्या त्या ओल्या वासात एका भिंतीला बाबा, समोरच्या भिंतीला काका आणि मधे आम्ही, असा देखावा जमला. दोघेही छताकडे पाहत होते. छतात पाहण्यासारखं काही नव्हतं.

पहिलं काडतूस 'सायमन्स बेसिक' नावाचं निघालं. डेव्हिड सायमन्स नावाच्या सोळा वर्षांच्या इंग्रज पोरानं ते लिहिलं होतं, १९८३ मध्ये बाजारात आलेलं. ते खुपसलं की यंत्राला ११४ नव्या आज्ञा समजू लागायच्या. रेघ ओढ, वर्तुळ काढ, रंग भर. (सोळाव्या वर्षी मला एकच आज्ञा समजायची आणि तीही मी पाळत नसे.) यंत्र बंद करून काडतूस मागच्या फटीत बसवलं, बटण दाबलं, आणि आकडा आला ३०७१९.

बाबांची हयात हिशेबात गेलेली. "आठ हजार एकशे ब्याण्णव कमी!" ते म्हणाले.

"जोडल्यावर तर वाढाले पायजे," काका छताला म्हणाले.

याचं कारण मला पुष्कळ वर्षांनी समजलं. त्या यंत्राला एका वेळी मोजकीच घरं मोजता यायची, आणि काडतूस आलं की त्यातली आठ हजारांवर घरं ते स्वतः अडवून बसायचं. पाहुणा आपल्या खाटेवर झोपतो तसं. खाट कुठे गेलेली नसते, फक्त आपल्याला मिळत नाही. शिवाय खेळांच्या बऱ्याच काडतुसांत सुरुवातीलाच 'सीबीएम८०' अशी पाच अक्षरं कोरलेली असत. यंत्र जागं झालं की आधी ती शोधायचं, आणि सापडली की सगळा कारभार निमूटपणे पाहुण्याच्या हाती द्यायचं. सासरे आल्यावर असं यंत्र मी घरोघर पाहिलं आहे.

दुसऱ्या काडतुसात यान उतरवायचा खेळ होता. ते आम्ही दोघांनी मिळून बारा वेळा आपटलं. मग निघालं 'इंटरनॅशनल सॉकर'. आदल्याच वर्षी, १९८६ साली, मॅराडोनाच्या अर्जेंटिनानं पश्चिम जर्मनीला अंतिम सामन्यात ३-२ हरवलं होतं, तेव्हा जर्मनीकाकांनी हे काडतूस कोणत्या भावनेनं पाठवलं असेल ते आपण समजू शकतो. दोघांनी दोन दांड्या धरून खेळायचं. दांड्याही दोन घरांत एकेक वाटलेल्या.

खेळात दोन संघांचे सदरे वेगळ्या रंगांचे होते. आमच्या टीव्हीवर मात्र दोन्ही संघ एकाच धोब्याकडून धुऊन आल्यासारखे करडे. दोनच मिनिटांत चुलतभाऊ म्हणाला, "तो माझा गडी!" मी म्हटलं, "तुझा कुठला बे, माझा!" मग दांड्या राहिल्या बाजूला आणि गचांड्या सुरू झाल्या. बाबांनी उठून माझी दांडी हिसकली, काकांनी त्यांच्या चिरंजीवांची. आम्हाला दोन कोपऱ्यांत उभं केलं.

पण सामना चालूच होता. दांडी हातात असली आणि पडद्यावर चेंडू घरंगळत असला की माणूस कितीही वयाचा असो, मनगट हलतंच. बाबा जरासे हलले. काकाही हलले. मग दोघे खाली बसले. काही वेळ कूलरच्या घरघरीशिवाय काही ऐकू येईना. एक करडा गडी मैदानाच्या टोकाशी उगाच गोल गोल फिरत होता.

"दादा," काका म्हणाले, "हा तुमचा का माझा?"

स्वयंपाकघरातली भांडी थांबली. बाबांनी पडद्यावरची नजर काढली नाही.

"कोण्ता? तो पळून राह्यला तो?"

"हाव."

"माझा असंन."

"मंग मी मघापासून कोणाले पळवून राह्यलो?"

आजी दारात येऊन उभी होती. तिनं पडद्याकडे पाहिलंच नाही. थोड्या वेळानं ती आत गेली आणि आईला म्हणाली, "चार माणसांची कणीक वाढव."

सामना संपल्यावर जिंकणाऱ्या संघाला पडद्यावर एक बाई येऊन कप देते. ती आली, तिनं कप दिला, पण कुणाच्या संघाला, हे अजून ठरलेलं नाही. त्यावरून रात्री गच्चीवर दोघं बारा वाजेपर्यंत भांडले. शेजाऱ्यांना वाटलं, धुऱ्याचंच चाललं असेल.

धुऱ्याचं दुसऱ्या दिवशी निघालं. मी सायमन्स बेसिकमध्ये बगीच्याचा नकाशा काढायला घेतला. पडदा आडवा ३२० ठिपके, उभा २०० ठिपके. मधोमध रेघ ओढली. काका म्हणाले, "रेघ तशी नाही, तीन ठिपके इकडे." बाबा म्हणाले, "दोन ठिपके तिकडे." सहा झाडांची सहा वर्तुळं मी सकाळपासून चौदा वेळा पुसली आणि काढली. संध्याकाळी साडेसहाला एका ठिपक्यावर तडजोड होत आली, आणि दिवे गेले. यंत्रातलं काही साठवून ठेवायला लागणारा टेपरेकॉर्डर जर्मनीकाकांनी कुणाच्याच वाट्याला घातला नव्हता. दिवे आले तेव्हा पडद्यावर नुसतं 'रेडी'.

"आता पुढच्या उन्हाळ्यात," काका म्हणाले. काडतुसं त्यांनी मोजून पिशवीत घातली, आपली दांडी घेतली आणि सातच्या एसटीनं गेले. पुढच्या मे महिन्यात आले, त्याच्या पुढच्याही आले. नकाशा दरवर्षी पहिल्यापासून काढावा लागायचा, आणि दिवे दरवर्षी जायचे.

धुऱ्यावरची झाडं डिंक्या रोगानं १९९४ साली गेली. कमोडोर कंपनीही त्याच वर्षी बुडाली. आता आजी नाही, बाबा नाहीत. यंत्र माझ्या माळ्यावर आहे, काडतुसं अमरावतीला चुलतभावाच्या कपाटात. गेल्या दिवाळीत त्याचा फोन आला. जुन्या यंत्रांचा शौक असलेला कुणी गृहस्थ त्याला भेटला होता, चांगले पैसे देतो म्हणाला, पण सगळं एकत्र पाहिजे.

"मग यंत्र घेऊन ये इकडे," तो म्हणाला.

"मोठ्याच्या घरी धाकट्यानं यावं," मी म्हटलं. मी त्याच्यापेक्षा चार महिन्यांनी मोठा आहे.

"काकांना विचारू का?" काका आता पंच्याऐंशीचे आहेत. फोन त्यांच्या हातात गेला. पलीकडून बराच वेळ नुसता श्वास ऐकू आला. मग ते म्हणाले, "विकू नका बे. मे महिन्यात मी येतो. तो ठिपका राह्यला आहे."