माझे टाक कधी?

मागच्या दसऱ्याला भिंगारला घरी गेले, तेव्हा आई देवघरातले टाक घासत बसली होती. खंडोबा, भवानी, भैरोबा आणि घोड्यावरचा एक वीर. तळहातात मावतील असे चांदीचे पत्रे, त्यावर ठोकून उठवलेल्या मूर्ती. वीर म्हणजे आमचेच कुणी पूर्वज. नाव कुणालाच आठवत नाही, पण त्यांचा नैवेद्य कधी चुकत नाही!

त्याच वर्षी दादा-वहिनीने सावेडीत फ्लॅट घेतला. वेगळी चूल म्हणजे वेगळं देवघर. बाबांनी लगेच नवे टाक घडवून घेतले, जेजुरीला नेऊन देवाला भेटवून आणले. मी सहज म्हटलं, "माझे कधी?"

आई हसली नाही. "तुझे देव तुझ्या सासरी, बाळा."

मी चौतीस वर्षांची. खराडीत माझ्या नावावर वन बीएचके, माझाच ईएमआय. सासर नाही, तूर्तास तसा बेतही नाही. मग माझ्या घरी देव कुठले?

यावरून मला ब्रसेल्सची ऑनसाइट आठवली. एका रविवारी जवळच्या तेर्वुरेनच्या म्युझियममध्ये गेले होते. तिथे काँगोमधल्या लेगा लोकांच्या हस्तिदंती आणि लाकडी मूर्ती आहेत, काही तर आपल्या टाकांएवढ्याच. त्यांच्या 'ब्वामी' या संस्थेत दीक्षेच्या वेळी त्या दाखवतात. प्रत्येक मूर्तीबरोबर म्हणी, म्हणजे कसं वागावं, कसं वागू नये याचा धडा. अनेक तोंडांची मूर्ती म्हणजे चहूबाजूंनी पाहणारा शहाणा. मालक मेला की मूर्ती दीक्षा घेणाऱ्या पुढच्या नातलगाकडे जाते. मला आवडलं ते वेगळंच. पुरुषाला सगळ्यात वरची पायरी गाठायची, तर बायकोचीही दीक्षा लागते. (अर्थात बायको म्हणूनच. एकटीचं काय, हा प्रश्न तिथेही उरतोच!) बेल्जियन सरकारने ब्वामीवर बंदी घातली होती, आणि आता त्या मूर्ती बेल्जियममध्येच काचेआड. कुणाच्या हाती द्यायच्या, हा प्रश्नच मिटला.

आमचे टाक अजून हातात आहेत, म्हणून तर भांडण.

दिवाळीत मी एकटीच सराफाकडे गेले. काकांनी वही उघडली. "यजमानांचं नाव?"

मी माझं सांगितलं. त्यांनी चष्म्यावरून एकदा पाहिलं आणि लिहून घेतलं. "वीर पण करायचा ना?"

"हो. वीर पण."

आईने घरून जुना वीर पदरात बांधून आणला, नमुन्याला. जेजुरीला येणार का, यावर बाबा अजून काही बोललेले नाहीत. पण परवा फोनवर विचारत होते, खराडीहून गाडीने किती वेळ लागतो म्हणून.