मालक कोण?

कुंभकोणमपासून सुमारे दहा किलोमीटरवर नाचियार्कोविल् हे गाव आहे. तेथील पितळी समया प्रसिद्ध असून त्यांना भौगोलिक मानांकनही मिळालेले आहे. शासकीय दौऱ्यातून सवड काढून मी तेथे गेलो होतो. एका कारागिराने बैठक, दांडा, तेलाचे तबक आणि शिखर असे चार सुटे भाग पुढे ठेवले आणि एकेक फिरवून बसवीत पाहता पाहता समई उभी केली. मी पैसे दिले, त्यांनी पावती दिली. समई माझी झाली.

परतताना मला बारा वर्षांपूर्वीचे एक गृहस्थ आठवले. आमच्या गावाकडचे, गॅरेजमध्ये काम करणारे. भंगारातील आस, जुने इंजिन आणि स्वतः ठोकलेला पत्रा यांतून त्यांनी दुधाच्या किटल्या वाहण्यासाठी एक लहानशी गाडी बनवली होती. नोंदणी होत नव्हती, म्हणून ते माझ्याकडे आले. हातात पावत्यांचा जुडगा होता. ‘‘साहेब, नटबोल्टापर्यंत सगळ्याची पावती आहे. मग गाडी माझी नाही, तर कोणाची?’’

प्रश्न साधा होता, पण मोटार वाहन अधिनियम, 1988 चे उत्तर निराळे आहे. कलम 2(30) नुसार सर्वसाधारणपणे ज्याच्या नावे वाहनाची नोंदणी आहे तोच ‘मालक’. नोंदणी नाही तर या कायद्याच्या दृष्टीने मालकही नाही. नोंदणीसाठी विक्रेत्याचे विक्री प्रमाणपत्र (नमुना 21) आणि उत्पादकाचे रस्तायोग्यतेचे प्रमाणपत्र (नमुना 22) लागते. उत्पादकाला 1989 च्या केंद्रीय नियमांतील नियम 126 प्रमाणे वाहनाचा आदिनमुना पुण्याच्या एआरएआयसारख्या अधिकृत संस्थेकडून तपासून घ्यावा लागतो. हजारो गाड्या काढणाऱ्या कारखान्याला तो खर्च प्रत्येक गाडीमागे नगण्य पडतो. आमच्या गृहस्थांची पहिली गाडी हीच शेवटची होती. सगळा खर्च तिच्याच माथी.

नियम निरर्थक आहेत असे मात्र मी म्हणणार नाही. नोंदणी नाही तर विमा नाही, आणि विमा नाही तर अशा गाडीखाली सापडलेल्याच्या कुटुंबाने भरपाई मागायची कोणाकडे? 2013 साली सर्वोच्च न्यायालयाने ‘जुगाड’ हेही मोटार वाहनच आहे, त्यालाही नोंदणी व विमा हवा, असे सांगितले, ते योग्यच होते. ब्रेक लागतो की नाही, हे बनवणाऱ्याच्या शब्दावर सोडता येत नाही.

डिसेंबर 2021 मध्ये सांगली जिल्ह्यातील देवराष्ट्रे येथील दत्तात्रय लोहार यांची घरी बनवलेली छोटी जीप देशभर गाजली. आनंद महिंद्र यांनी कौतुक केले, पण गाडी नियमांत बसत नाही हेही स्पष्टपणे म्हटले आणि तिच्या बदल्यात बोलेरो देऊ केली. जानेवारी 2022 मध्ये ती लोहारांना मिळाली. शेवट गोड झाला, पण तो एका उद्योगपतीच्या औदार्याने. औदार्याला धोरण म्हणता येत नाही.

ब्रिटनमध्ये अशा एकट्यादुकट्या गाडीसाठी वेगळी तपासणी आहे. निरीक्षक तीच एक गाडी तपासतो. ती उत्तीर्ण झाली की नोंदणीचा मार्ग खुला होतो, आणि जिचे वय वा मूळ ठरवता येत नाही तिला ‘क्यू’ अक्षराचा क्रमांक मिळतो. सुरक्षिततेची अट तेथेही आहे, परंतु ती पुरी करण्याचा रस्ता सामान्य माणसाच्या आवाक्यातला आहे. आपणही पन्नास वर्षांवरील जुन्या गाड्यांसाठी 2021 मध्ये स्वतंत्र नोंदणी मालिका केलीच ना? हौशी संग्राहकासाठी जे जमले, ते कारागिरासाठी जमू नये?

अर्थशास्त्र शिकताना मालमत्तेचे हक्क हा विषय मी परीक्षेपुरता वाचला होता. त्या दिवशी तो समोरच्या खुर्चीत बसला होता. मी कलम वाचून दाखवले, चहा पाजला आणि निरोप दिला. सांगितलेला नियम अचूक होता. परंतु असा मार्ग असावा, अशी एक टिप्पणी लिहून परिवहन विभागाकडे पाठवणे मला शक्य होते. ते माझ्या खात्याचे काम नव्हते, म्हणून मी पाठवली नाही.

पुढे कळले की त्यांनी गाडी खोलून सुटे भाग विकले. त्यासाठी कोणीही कागद मागितले नाहीत.

असो. ती टिप्पणी या आठवड्यात लिहावयास घेतली आहे.