शिबिराला निघण्यापूर्वी

नगर

प्रिय बाळ,


नाताळच्या सुट्टीत मंडळीच्या तरुण संघाबरोबर तू नंदुरबारकडच्या अक्राणीच्या डोंगरात वैद्यकीय शिबिराला जाणार, हे दादाकडून कळलं. स्वारी फोनवर नुसती फुलली होती. मलाही आनंद झाला. पण सारी नोकरी मिशन दवाखान्यात नर्स म्हणून काढलेली, त्यामुळे शंका आल्याच. पत्र पाळकसाहेबांना दाखवलंस तरी चालेल.

पहिली शंका तारखेची. डिसेंबरात त्या भागातली कितीतरी धडधाकट माणसं ऊसतोडीला गुजरातेत गेलेली असतात. पाड्यांवर उरतात म्हातारीकोतारी आणि त्यांच्यावर सोपवलेली पोरं. तुम्हाला सुट्ट्या नाताळात, म्हणून शिबिर नाताळात! यंदाचं ठरलं ते ठरलं, पण पुढच्या वेळी गावाला विचारून महिना ठरवा.

दुसरी गोळ्यांची. शिबिरात एखाद्या आजीचं बीपी वाढलेलं सापडतं, दहा दिवसांच्या गोळ्या तिच्या पदरात पडतात. अकराव्या दिवशी काय? बीपीची गोळी तापाच्या गोळीसारखी नाही, ती रोजची. म्हणून जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात जे औषध कायम मिळतं तेच लिहून द्या, असं डॉक्टरांना सांग. चेहरा पांढराफटक दिसला की लोहाच्या गोळ्या वाटत सुटायचं, हेही नको. नंदुरबारकडे सिकलसेल बराच आहे, त्यानंही रक्त कमी होतं. पोराचे सांधे वरचेवर दुखतात का, घरात कुणाकडे सिकलसेलचं कार्ड आहे का, हे आधी विचारायचं. दोन आठवड्यांच्या वर खोकला असेल तर बाटलीभर सिरप देऊन बोळवण करू नका. थुंकी तपासायला पाठवा. ती तपासणी आणि टीबीचं औषध सरकारी दवाखान्यात फुकट आहे.

आपल्या नगर जिल्ह्यातलंच सांगते. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे हे दोघे वेल्लोरला शिकलेले, श्रद्धेनं ख्रिस्ती. वडाळ्याच्या मिशन दवाखान्यात काम करताना त्यांना दिसलं, की बरं करून पाठवलेली माणसं त्याच दुखण्यानं पुन्हा दारात उभी राहतात. दवाखाना कितीही चांगला चालवला तरी आजार गावातच तयार होत होता. मग अमेरिकेत सार्वजनिक आरोग्य शिकून 1970 साली ते जामखेडला आले. त्यांनी हाताशी धरलं ते गावातल्या बायांना. बहुतेक निरक्षर, कितीतरी दलित. बाळंतपण, पोरांचं वजन, जुलाबाला साखरमिठाचं पाणी, कुष्ठरोगाचा चट्टा ओळखणं, सगळं त्या शिकल्या आणि गावाला शिकवू लागल्या. ज्यांच्या हातचं पाणी गावाला चालत नव्हतं, त्यांनाच रात्री बाळंतिणीसाठी बोलावणी येऊ लागली. मला विचारशील तर मॅगसेसे पुरस्कारापेक्षा (तो 1979 चा) हे मोठं. आठ दिवसांच्या शिबिराला एवढं जमणार नाही, कबूल. पण दिशा तीच हवी.

शोमरोन्याच्या दाखल्यावर आपण लहानपणापासून उपदेश ऐकतो. बहुतेक उपदेशक त्यानं जखमांवर ओतलेल्या तेल आणि द्राक्षारसाशी थांबतात. खरं शहाणपण पुढे आहे: त्यानं जखमी माणसाला उतारशाळेत नेलं, रखवालदाराला पैसे दिले, आणि जास्त खर्च झाला तर परतताना देईन म्हणाला. मागे कोण बघणार, याची सोय लावून तो गेला. तुमची उतारशाळा म्हणजे तिथलं उपकेंद्र आणि रखवालदार म्हणजे तिथली आशाताई. तिला पहिल्या दिवसापासून डॉक्टरांच्या शेजारी खुर्ची द्या. बाहेर रांग सांभाळायला उभी करू नका. पावरी बोलणारं माणूसही तीच शोधून देईल. नुसत्या मराठीवर तिथल्या म्हातारीचं पोटदुखणं तुला कळायचं नाही.

प्रार्थनेचं म्हणशील, तर कुणी मागितली तर जरूर कर, हळू आवाजात. पण औषधाच्या पुडीत पत्रक घालायचं नाही. दुखणाईत माणूस नाही म्हणू शकत नाही, आणि ज्याला नाही म्हणता येत नाही त्याच्या होकाराला काय अर्थ? तुमच्या संघात याला विरोध होईल. होऊ दे, तू बोल. उघड्या पोरांना कडेवर घेऊन फोटोही काढू नकोस. आपल्या पोरांचे कुणी असे काढलेले आपल्याला चालतील का?

निघायच्या आधी आशाताईचा नंबर मिळव आणि तारीख तिच्या कानावर घाल. शेवटच्या दिवशी बीपी, साखर, खोकला, सिकलसेल अशा प्रत्येक पेशंटची पाड्यानुसार यादी स्वच्छ अक्षरात लिहून तिच्या हातात दे, एक प्रत आरोग्य केंद्रात दे. आणि जानेवारीत तिला फोन करून एकेका नावाची चौकशी कर.

तुझी,
आत्या