पेशींचे मोजमाप आणि मोजणारा

प्रयोगशाळा हे वास्तविक आमचे क्षेत्र नव्हे. आम्ही इतिहासाचे शिक्षक. तरीही आई-वडील ऊसतोडीला गेल्यावर उमापूरच्या आपल्या वसतिगृहात राहणारी मुले सायंकाळी सूक्ष्मदर्शकाभोवती जमतात, तेव्हा आम्हीही त्यांच्यात बसतो. कांद्याचा पापुद्रा सॅफ्रॅनीनने रंगवायचा, नेत्रभिंगाला मोबाइल लावून छायाचित्र घ्यायचे आणि ते संगणकावर ‘इमेजजे’मध्ये उघडायचे. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेतील वेन रॅसबँड यांनी १९९७ साली आणलेली ही प्रणाली सर्वांस विनामूल्य आहे. खेड्यातल्या शाळेस दुसरे काय परवडणार?

प्रथम त्याच भिंगाखाली पारदर्शक मोजपट्टीचे छायाचित्र घेऊन १ मिलिमीटरमध्ये किती पिक्सेल बसतात, ते प्रणालीस सांगावे लागते. मग रंगछटेची सीमा ठरवायची: तिच्याहून गडद ती पेशीभित्तिका, फिकट तो पेशीचा भाग. ही सीमा थोडी सरकली की पेशीचे क्षेत्रफळ बदलते. मोजते यंत्र, पण पेशी कोणास म्हणावे, हे माणूस ठरवतो.

ही प्रणाली आकाराची वर्तुळताही काढते. पूर्ण गोलाची वर्तुळता १. विळ्यासारख्या रक्तपेशीची त्याहून बरीच कमी. विदर्भात आपल्या समाजात आणि आदिवासींमध्ये सिकलसेल आढळतो. त्याचा संबंध हिवतापाच्या प्रदेशांशी आहे, जातीशी नाही. आफ्रिकेत आणि अरबस्तानातही तो आहेच. मात्र वाहकाच्या पेशी साध्या काचपट्टीवर गोलच दिसतात, म्हणून निदानासाठी रक्तचाचणीच हवी. पती-पत्नी दोघेही वाहक असल्यास प्रत्येक अपत्यास हा आजार होण्याची शक्यता २५ टक्के असते. सोयरीक जुळवताना पालकांनी हा अहवाल अवश्य पाहावा. (कुंडली आपण केव्हाच सोडली आहे.)

शरीराच्या मापांवरून माणसाची पायरी ठरवण्याचा हव्यास जुना आहे. १९०१च्या जनगणनेचे आयुक्त हर्बर्ट रिस्ले यांनी नाकांची मापे घेऊन जातींची उतरंड वंशभेदावर उभी केली. बाबासाहेबांनी मोजमाप झिडकारले नाही. १९४८च्या ‘द अनटचेबल्स’ या ग्रंथात त्यांनी नासिकामापनाचेच आकडे प्रांतवार मांडले आणि ब्राह्मण व अस्पृश्य भिन्न वंशांचे नाहीत, असा निष्कर्ष काढला. आकडे उघड्यावर होते, म्हणूनच ते उलटतपासता आले.

आमच्या मुलांच्या नोंदवहीत म्हणून प्रत्येक चित्रापुढे मोजपट्टीचे प्रमाण, रंगसीमेचा आकडा आणि मोजणाऱ्याचे नाव असे रकाने आहेत. एकच चित्र दोघांनी स्वतंत्रपणे मोजायचे. आकडे जुळले नाहीत, तर दोन्ही तसेच ठेवायचे. खाडाखोड करायची नाही.