मोठ्या झोक्याला जास्त वेळ लागतो

संपादकांनी फोनवर दोन अटी घातल्या. हाताने करून शिकण्याबद्दल लिहा, पण तक्ते नकोत. आणि वाचकाला भौतिकशास्त्र येत नाही असं धरून लिहा. प्रस्तुत लेखिकेची नोकरी सहावी ते आठवीच्या विज्ञान शिक्षकांना प्रशिक्षण देण्यात गेली. पहिली अट तिने पाळली आहे. दुसरी लंबकापाशी येऊन मोडली. सेकंदांच्या हिशेबाचा ज्यांना कंटाळा असेल त्यांनी तो परिच्छेद ओलांडून पुढे जावं, राग नाही.

गेल्या हिवाळ्यात एका शाळेच्या प्रयोगवह्या तिच्यापुढे आल्या. प्रयोग नेहमीचा. एक मीटर दोरा, टोकाला लोखंडी नट, सरांच्या मोबाइलवरचं स्टॉपवॉच. दहा झोक्यांना किती वेळ लागतो ते मोजायचं. मग नट बदलून, दोरा आखूड करून, झोका लहान-मोठा करून पुन्हा मोजायचं. सातवीतल्या एका मुलीने लिहिलं होतं : लहान झोका, २०.१ सेकंद; मोठा झोका, साठ अंश, २१.४ सेकंद. प्रत्येक वेळ तीनदा मोजलेली, सरासरी काढलेली, कोन कोनमापकाने घेतल्याची नोंदही होती. निष्कर्ष : 'मोठ्या झोक्याला जास्त वेळ लागतो.' त्यावर लाल फुली आणि शेजारी शेरा, 'चूक. पुन्हा मोजा.' तिने पुन्हा मोजलं नव्हतं. पुस्तकातलं वाक्य खाली उतरवून काढलं होतं, आणि त्याला बरोबरची खूण मिळाली होती.

मुलगी बरोबर होती.

झोका लहान असो की मोठा, वेळ तोच लागतो, हे वाक्य लहान कोनांपुरतंच खरं आहे. वीस अंशांपर्यंत फरक एक टक्क्याच्या आत राहतो, शाळेतल्या घड्याळाला तो दिसणारच नाही. साठ अंशांवर मात्र तो सात टक्क्यांच्या आसपास जातो. एक मीटरच्या लंबकाला जाऊन परत यायला दोन सेकंद लागतात, म्हणजे दहा झोक्यांना वीस. त्याचे सात टक्के म्हणजे जवळजवळ दीड सेकंद. हवेमुळे झोका हळूहळू लहान होत जातो, म्हणून प्रत्यक्षात थोडं कमी. बटण दाबण्यातली गडबड फार तर पाव सेकंदाची. तेव्हा १.३ सेकंदांचा फरक ही गडबड नव्हे, हे मोजमाप आहे, आणि चांगलं मोजमाप आहे. गॅलिलिओ सगळे झोके समान वेळाचे मानत होता. तसं नाही हे ख्रिस्तियान हायगेन्सने गणिताने दाखवलं आणि १६७३ साली लंबकाच्या घड्याळावरच्या आपल्या ग्रंथात छापलं. सातवीच्या वर्गात जे लाल शाईने खोडलं गेलं, त्याला साडेतीनशे वर्षं झाली आहेत.

त्या सरांना बोल लावणं सोपं आहे. पण त्यांच्या हातात जे पुस्तक होतं त्यात प्रयोगाची कृती संपताच पुढच्या ओळीत 'यावरून असे दिसून येते की' होतं. उत्तर छापलेलं असताना मोजायचं कशासाठी? मूल आधी ते वाचतं आणि मग आकडे त्याच्याकडे सरकवतं. खोटेपणाने नव्हे, गुण तिथे आहेत हे त्याला चौथीपासून कळलेलं असतं. प्रस्तुत लेखिकेचा हा आवडता वाद आहे, आणि प्रशिक्षणाच्या दुपारी तिने तो सुरू केला की मागच्या बाकांवरचे शिक्षक चहाची वाट बघू लागतात, हेही तिला ठाऊक आहे. तरी तो इथे पुन्हा एकदा.

उत्तर न छापता विज्ञान शिकवता येतं का, याचा आपल्या देशातला सर्वात मोठा पुरावा महाराष्ट्राच्या सीमेपलीकडे आहे. १९७२ साली मध्य प्रदेशातल्या होशंगाबाद जिल्ह्यात, आताच्या नर्मदापुरममध्ये, किशोर भारती आणि रसुलियाचं फ्रेंड्स रूरल सेंटर या दोन संस्थांनी सोळा माध्यमिक शाळांत सहावी ते आठवीचं विज्ञान नव्याने सुरू केलं. टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले आणि दिल्ली विद्यापीठातले शास्त्रज्ञ खेड्यातल्या शिक्षकांबरोबर बसून धडे लिहीत. १९७८ मध्ये तो कार्यक्रम सरकारी शाळांतून जिल्हाभर गेला. १९८२ पासून 'एकलव्य' संस्थेने त्याची धुरा घेतली. आपल्याकडे काडेपेटीच्या काड्यांच्या खेळण्यांमुळे घराघरात पोचलेले अरविंद गुप्ता याच कामातून घडले. मुलांच्या हातातल्या 'बाल वैज्ञानिक' या पुस्तकात प्रश्न होते, रिकामे तक्ते होते, निष्कर्ष नव्हते. ते वर्गाने चर्चा करून काढायचे. शिक्षकांची दर महिन्याला बैठक. मुलांच्या शंकांच्या पत्रांना 'सवालीराम' नावाचं एक काल्पनिक पात्र उत्तर पाठवत असे.

आणि परीक्षा? लेखी परीक्षेला पुस्तक-वही घेऊन बसायची मुभा, आणि प्रयोगाची परीक्षा वेगळी. खरी क्रांती ती. किट आणि तक्ते कुणीही वाटू शकतं. परीक्षकाने 'तुझे आकडे काय, आणि त्यांवरून तू हे कसं म्हणतोस' एवढंच विचारायचं, हे कुणीही करू शकत नाही. आपल्याकडे आकारिक मूल्यमापनात प्रात्यक्षिकाला रकाना आहे. तो बहुतेक ठिकाणी सत्राच्या शेवटच्या आठवड्यात एका बैठकीत भरला जातो. हे लिहिल्याबद्दल काही मित्र रागावतील.

होशंगाबादचा कार्यक्रम २००२ साली राज्य सरकारने बंद केला. तेव्हा तो सुमारे हजार शाळांत होता. दहावीच्या निकालांचा मुद्दा पुढे आला, मुलं नववीत मागे पडतात अशी तक्रार होती. ती खरी की खोटी यावर पुष्कळ लिहिलं गेलं. लेखिकेला त्यातला एक धागा आजही टोचतो. ज्या घरात पहिल्यांदाच कुणी आठवीपर्यंत पोचलंय, तिथल्या बापाला वहीत उत्तर दिसलं नाही तर धास्ती वाटणारच. शहरातल्या ज्या पालकांची मुलं तीन क्लासेसना जातात, त्यांना उत्तर न छापलेलं पुस्तक परवडतं. या माणसाला काय सांगायचं, ते तिला अजून नीट सांगता आलेलं नाही.

उलट टोकाचा गैरसमज मात्र सुखवस्तू घरांतला आहे. 'आमच्या शाळेत सगळं ॲक्टिव्हिटी-बेस्ड असतं' असं आई कौतुकाने सांगते आणि टेबलावर स्टेशनरीच्या दुकानातून आणलेला थर्माकोलचा ज्वालामुखी असतो. खायचा सोडा, व्हिनेगर, लाल रंग. मुलाने त्यात काय मोजलं? काहीच नाही. ते विकतच्या फराळासारखं आहे, दिसायला ताट भरलेलं.

हात कामाला लावण्याची कल्पना काही परदेशातून आलेली नाही. १९३७ साली वर्ध्याच्या परिषदेनंतर झाकिर हुसेन समितीने जो अभ्यासक्रम मांडला, त्यात रोजच्या साडेपाच तासांपैकी तीन तास वीस मिनिटं हस्तोद्योगाला होती, आणि सूत कातताना गणित, कापसाच्या शेतात भूगोल अशी गुंफण अपेक्षित होती. कोठारी आयोगाने १९६६ मध्ये कार्यानुभवाची शिफारस केली. त्या नावाचा तास आपल्यापैकी बहुतेकांनी अनुभवला आहे. तो कुठे गेला, असं विचारलं तर अनेक जण 'गणिताच्या बाईंनी घेतला' म्हणतील. गंभीरपणे टिकलेलं काम पाबळला दिसतं. हिंदुस्तान लिव्हरमधले शास्त्रज्ञ डॉ. श्रीनाथ कलबाग १९८३ साली पुणे जिल्ह्यातल्या त्या दुष्काळी गावात गेले आणि विज्ञान आश्रम उभा केला. तिथल्या अभ्यासक्रमात अभियांत्रिकी, ऊर्जा-पर्यावरण, शेती-पशुपालन आणि गृह-आरोग्य हे चारही विषय एकाच मुलाने करायचे, मुलग्यांनी स्वयंपाकघरात आणि मुलींनी वेल्डिंगलाही. गावकऱ्यांना सेवा द्यायची आणि तिचे पैसे घ्यायचे. वाकडं झालेलं फाटक गिऱ्हाईक परत करतं. तिथे लाल शाई लागत नाही.

आता राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने सहावी ते आठवीत केव्हातरी दहा दिवस दप्तराविना ठेवले आहेत, मुलांनी सुतार, कुंभार, माळी, कलाकार यांच्याकडे शिकायला जावं म्हणून. कल्पनेशी लेखिकेचं भांडण नाही. एका बैठकीत तिने विचारलं, की पन्नास मुलं दुकानात आल्यावर सुताराचा जो दिवस बुडेल त्याची मजुरी कोणत्या खात्यातून द्यायची. समोरच्या साहेबांनी वहीत काहीतरी लिहून घेतलं आणि तो स्वेच्छेने शिकवेल असं सांगितलं. मग तिने दुसरा प्रश्न विचारला, मुलाने रंधा मारलेल्या फळीची जाडी मोजून लिहिली आणि ती सुताराच्या अंदाजाशी जुळली नाही, तर गुण कोणाच्या आकड्याला? तोवर चहा आला होता.