काळोबा

कागदोपत्री नाव थिंकपॅड टी-४७०. घरात त्याला काळोबा म्हणतात. हे बारसं सौभाग्यवतींनी केलं, एका खंडेनवमीला. पाटावर पक्कड, कात्री, विळी, पान्हे आणि शेवटी हा, असे सगळे ओळीनं मांडले होते. हळदकुंकू वाहताना ती म्हणाली, "बाकीचे निदान चमकतात तरी. हा एकटा काळोबा." त्या दिवशीचं कुंकू अजून त्याच्या बिजागरीच्या खाचेत आहे. ब्रश झाला, फुंकर झाली, टाचणी झाली. निघत नाही. राहू दे म्हटलं.

काळोबाचा धंदा अक्षरजुळणीचा. स्मरणिका, काव्यसंग्रह, गौरवग्रंथ, अधूनमधून लग्नपत्रिका, आणि श्रावण लागला की दिवाळी अंक. त्याचा कळफलक पाहिला तर मराठी माणूस काय लिहितो याचा हिशेब समोर येतो. इन्स्क्रिप्टमध्ये काना 'ई'च्या कळीवर असतो. ती कळ पार गुळगुळीत झालीय, तिच्यावरचं इंग्रजी अक्षर केव्हाच पुसलं गेलं. अक्षराचा पाय मोडायला 'डी' लागते. तिचाही उजवा कोपरा झिजलाय. ऋकाराच्या कळीचा खरखरीतपणा मात्र जशाच्या तसा आहे. मराठीत कृपा आणि कृती एकूण कमीच, हे मला व्याकरणाच्या पुस्तकाआधी काळोबानं सांगितलं.

स्वभाव म्हणाल तर जुन्या कचेरीतल्या हेडक्लार्कचा. काम नाकारत नाही, पण घाईही करत नाही. अडीचशे पानांच्या अंकाची पीडीएफ करायला सांगितली की पंखा घरघरायला लागतो, डाव्या बाजूच्या जाळीतून ऊन झळ येते, आणि पडद्यावरची पट्टी नव्वद टक्क्यांवर येऊन बसून राहते. तेवढ्यात चहा टाकून, उकळून, गाळून होतो. साहेबांनी कितीही बेल वाजवली तरी फाइल तिच्या क्रमानंच पुढे जाणार. पण गेली की बिनचूक जाते. एवढ्या वर्षांत त्यानं एकही वेलांटी गाळली नाही. ज्या गळल्या त्या माणसांनी गाळल्या.

त्याच्याकडे बॅटऱ्या दोन. एक पोटात, एक मागे कमरेला. मागची काढून दुसरी लावेपर्यंत पोटातली काम सांभाळते, तो बंद करावा लागत नाही. जाड बॅटरी लावली की मागची बाजू उचलली जाते आणि कळफलक हाताकडे उतरता होतो. भर पावसाळ्यात वीज गेली, शेजारपाजार 'तुमच्याकडे पण गेली का' विचारत गॅलरीत जमला, तेव्हा काळोबानं शब्दकोड्याचं पान लावून पुरं केलेलं मी पाहिलंय. आजच्या बारीक अंगाच्या लॅपटॉपांत बॅटरी आत स्क्रूनं बसवलेली असते. ती थकली की दुकान गाठायचं.

घराणं मोठं आहे. पहिला थिंकपॅड, ७००सी, आयबीएमनं १९९२च्या ऑक्टोबरात आणला. रिचर्ड सॅपर या जर्मन अभिकल्पकाचं ते काम. जपानी जेवणाच्या काळ्या डब्यासारखा तो दिसावा, बाहेरून साधा आणि उघडल्यावर आत सगळं नीट मांडलेलं, ही त्याची कल्पना. कळफलकाच्या मधोमध असतो तो लाल ठिपका टेड सेल्करच्या संशोधनातून आला. २००५ मध्ये घराणं लेनोव्होकडे दत्तक गेलं, तरी काळा रंग आणि लाल टिकली सुटली नाही. काळोबा २०१७चा. त्याच वर्षी थिंकपॅडच्या पंचविशीनिमित्त जी खास आवृत्ती निघाली, ती याच टी-४७०च्या सांगाड्यावर बेतलेली होती. हे मी पाहुण्यांना सांगतो. पाहुणे विषय बदलतात.

तर अशा माणसाला सेवानिवृत्तीचा हुकूम आला. विंडोज ११ आलं तेव्हा मायक्रोसॉफ्टनं अट घातली की इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या पिढीचा किंवा पुढचा हवा. काळोबा सातव्या पिढीचा. सुरक्षेसाठी मागितलेली टीपीएम २.० चिप त्याच्यात आहे, जागा आहे, मेमरी आहे. नडली ती पिढी. वर्षभरानं धाकटा असलेला त्याचा भाऊ टी-४८० पास झाला. मग १४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०चा नियमित आधारही संपला, वसुबारसेच्या तीन दिवस आधी. नोंदणी करणाऱ्या घरगुती वापरकर्त्यांना सुरक्षेच्या दुरुस्त्या आणखी वर्षभर, १३ ऑक्टोबर २०२६पर्यंत. आम्ही नोंदणी केली. मुदतवाढ मिळाली म्हणून काळोबा हरखला नाही. पंखा तसाच.

इथून घरात संसदीय चर्चा सुरू झाली. सौ.चं मत एका वाक्याचं, "चालतोय ना? मग?" भाचा मात्र अभ्यासू. "मामा, आत्ता अजिबात घेऊ नका. जानेवारीत लास वेगासच्या प्रदर्शनात नवीन चिप येतायत." जानेवारी गेला, चिप आल्या. "आता आपल्याकडे यायला थोडा वेळ लागेल, मग आधीच्यांचे भाव पडतील." नंतर तैपेईच्या प्रदर्शनाचा विषय निघाला. मग गणपतीतल्या सवलती, दिवाळीतल्या सवलती. भाच्याच्या पंचांगात घेण्याचा मुहूर्तच नाही. प्रत्येक महिना हा पुढच्या महिन्याची वाट पाहण्यासाठी असतो.

मी त्याला ॲडम ऑस्बोर्नची गोष्ट सांगितली. जन्म बँकॉकचा, वडील इंग्रज, पण लहानपण गेलं तिरुवण्णामलैला, रमण महर्षींच्या आश्रमाच्या सावलीत. हाच मुलगा पुढे अमेरिकेत गेला आणि १९८१ मध्ये ऑस्बोर्न-१ नावाचा उचलून नेता येणारा संगणक त्यानं बाजारात आणला. किंमत १,७९५ डॉलर, वजन अकरा किलोच्या आसपास, पडदा पाच इंची. आज हसू येतं, पण तेव्हा लोकांनी तो धडाधड विकत घेतला. मग पुढच्या, मोठ्या पडद्याच्या मॉडेलची चर्चा माल तयार होण्याआधीच बाहेर पडली. गिऱ्हाइकांनी विचार केला, नवा येतोय तर जुना कशाला? दुकानदारांनी मागण्या आवरल्या, गोदामात माल साचला, आणि सप्टेंबर १९८३ मध्ये कंपनीचं दिवाळं निघालं. केप्रोसारख्या प्रतिस्पर्ध्यांनी आणि ढिसाळ कारभारानंही तिला बुडवलं असं म्हणणारे आहेत, आणि त्यात तथ्य असावं. तरी येणाऱ्या मॉडेलनं चालू मॉडेलचा गळा घोटण्याला नाव ऑस्बोर्नचंच चिकटलं. स्वतः ऑस्बोर्न शेवटी भारतात परतला. २००३ मध्ये कोडाईकनालला वारला.

भाचा म्हणाला, "म्हणजे थांबणाऱ्यांनी कंपनी बुडवली. थांबणाऱ्यांचं काय बुडालं?" प्रश्न बरोबर होता. बराच काळ काहीच बुडत नव्हतं. संगणकाच्या बाजारात थांबणारा शहाणा ठरायचा, त्याच पैशात पुढच्या वर्षी जास्त मिळायचं. २०२५च्या अखेरीला हे गणित फिरलं. एआयच्या महाकाय केंद्रांनी मेमरीच्या चिपा ओढून घ्यायला सुरुवात केली आणि तुमच्याआमच्या रॅमचे भाव भडकले. डिसेंबरात तर मायक्रॉननं सामान्य गिऱ्हाइकांसाठीचा आपला 'क्रुशल' हा धंदाच बंद करत असल्याचं जाहीर केलं. काळोबाच्या पोटात जी रॅम आहे ती याच नावाची. मी ती घरीच बसवली होती. खालचं झाकण स्क्रू सैल करून नखानं कडेकडेनं उचकटायचं, कट् कट् करत ते सुटतं, आतल्या दोन खाचा मोकळ्या दिसतात, पट्टी तिरकी घालून दाबायची. इंटेलच्या २०२४च्या लुनार लेक पिढीत मेमरी प्रोसेसरच्या पुडीतच बसवलेली आहे. घेताना जेवढी घेतली तेवढीच जन्मभर. तेव्हा नवीनतम म्हणजे आपल्यासाठी उत्तम, हेही मला मान्य नाही. बारीकपणाचं कौतुक ज्याला पाठीवर घेऊन हिंडायचंय त्याला. माझं टेबल सागवानी आहे.

मग मी नव्या मॉडेलांच्या जाहिराती मिटल्या आणि काळोबाचीच तपासणी केली. हळू चालतो? ते रॅमनं आणि एसएसडीनं बरंच निभावलं. पडदा फिका? डोळ्यांना सवय आहे. प्रोसेसरला दोनच गाभे? चहा होतो तेवढ्यात. पण एका दुखण्यावर औषध नव्हतं, ती १३ ऑक्टोबर. यंदा अधिक ज्येष्ठामुळे सण लांबले, दसरा २० ऑक्टोबरला आणि दिवाळी नोव्हेंबरात. म्हणजे ज्या आठवड्यात संपादक ईमेलनं शेवटची प्रुफं, जाहिराती आणि 'एवढी एक कविता बसवा' पाठवणार, नेमका त्याच आठवड्यात काळोबा बिनसंरक्षणाचा. नवं यंत्र हाताला बसायला, फाँट लावायला, छपाईवाल्याशी रंग जुळवायला उन्हाळा तरी जातोच. तारीख त्याच्या पोटात होती, आम्ही ती लास वेगासला शोधत होतो.

गुढीपाडव्याला नवा घेतला. गेल्या वर्षीचं मॉडेल, मेमरीची खाच उघडता येणारं. भाच्यानं नापसंतीनं मान हलवली.

काळोबाचं इंटरनेट काढलंय, पण तो घरी बसलेला नाही. युनिकोडच्या आधीच्या फाँटांत जुळवलेल्या जुन्या पुस्तकांच्या फायली फक्त त्याच्याकडेच धडपणे उघडतात. एका प्रकाशकांना त्यांच्या एका कादंबरीची दुसरी आवृत्ती काढायचीय, तर सध्या ती प्रकरणं एकेक करून तो बाहेर काढून देतो. मागच्या आठवड्यात भाचा आला, त्यानं काळोबाची मागची बॅटरी काढून हातात वजन करून पाहिली आणि विचारलं, "मामा, हा मला देता का? लिनक्स टाकतो." मी म्हटलं, थांब जरा, तुला थांबायची सवय आहे.