उंबऱ्याचा पत्रा

मुंबई, रत्नागिरी किंवा पणजीच्या गाडीला गंज चढला तर कोणी नवल करीत नाही. खारा वारा आणि चार महिन्यांचा मुसळधार पाऊस यांना तिथे वेगळी साक्ष लागत नाही. माळेगाव बुद्रुक मात्र समुद्रापासून दूर, सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतले गाव. नीरा डाव्या कालव्याचे पाणी आले नसते, तर आज नजर पोहोचेल तिथवर दिसणारा ऊस या भागात दिसलाच नसता, इतका इथला पाऊस तुटपुंजा. अशा कोरड्या मुलखात, एकाच घरात चाळीस वर्षे वापरलेली, रोज पुसलेली आणि कायम छपराखाली उभी असलेली गाडी आतून पोखरली जावी, हे कोडे उलगडायला एका वृद्ध मिस्त्रीला पूर्ण एक दिवस लागला.

गाडी प्रीमियर पद्मिनी, १९८४ सालची. बारामती-नीरा रस्त्यालगत किराणा आणि खतांचे दुकान असलेल्या एका जैन कुटुंबाची. घरातले मोठे शेठ आज ऐंशीच्या घरात आहेत. त्यांनी ही गाडी नाव नोंदवून, वाट पाहून घेतली होती. त्या काळी पैसे हातात असूनही गाडी हाती पडायला वर्षे लागत, आणि ज्याच्या दारात ती येई त्याच्या पतीबद्दल पेठेत वेगळे सांगावे लागत नसे.

या गाडीशी आपल्या समाजाचे आणखी एक नाते आहे. सोलापूरच्या दिगंबर जैन घराण्यात १८८२ साली जन्मलेल्या शेठ वालचंद हिराचंद यांनी जहाजे, विमाने आणि मोटारी या तिन्ही उद्योगांत हात घातला. त्यांनी उभारलेले वालचंदनगर शेजारच्या इंदापूर तालुक्यातच आहे. प्रीमियर ऑटोमोबाईल्स ही त्यांची कंपनी १९४४ची. १९५३ साली ते निवर्तले. त्यामुळे कुर्ल्याच्या कारखान्यातून पुढे बाहेर पडलेली फियाट आणि सत्तरच्या दशकात तिलाच मिळालेले ‘पद्मिनी’ हे नाव त्यांनी पाहिले नाही. पण बारामती-इंदापूरकडच्या व्यापाऱ्यांना ती गाडी आपल्याच माणसाची वाटे. मुंबईच्या रस्त्यांवरून या जातीची शेवटची काळी-पिवळी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये निवृत्त झाली, तेव्हा मोठ्या शेठांनी वर्तमानपत्रातले ते छायाचित्र कापून दुकानाच्या गल्ल्यात ठेवले होते.

पुढच्या वर्षी दिवाळीनंतर गाडी विकायचे ठरले. मोठ्या शेठांची नजर अधू झाली होती आणि मुलांना नव्या गाड्यांची सवय. फलटणचा एक तरुण शिक्षक जुन्या पद्मिनीच्या शोधात होता. त्याने गाडी पाहिली, चालवली, चकचकीत रंगावरून हात फिरवला आणि भाव न पाडता बयाणा दिला. नोंदणीचे पाच वर्षांचे नूतनीकरण तोंडावर आले होते, म्हणून गाडी देण्याआधी ब्रेक आणि दिवे एकदा पाहून घ्यावेत, एवढ्याच हेतूने ती मिस्त्रीकडे गेली.

मागचे चाक काढायला मिस्त्रीने दाराखाली जॅक लावला. गाडी वर उचलली गेली, पण मागचे दार, जे मघापर्यंत बोटाच्या दाबाने मिटत होते, ते आता मिटेना. कुलपाची जीभ खाचेच्या वर येऊन अडकत होती. मिस्त्रीने जॅक उतरवला. दार पुन्हा नीट मिटले. त्याने तीनदा तसेच करून पाहिले आणि मग ब्रेकचे काम बाजूला ठेवले.

दाराच्या चौकटीची फट जॅकवर बदलते, याचा अर्थ गाडीचा सांगाडा वाकतो आहे. जुन्या जीपला खाली लोखंडी पट्ट्यांची स्वतंत्र चासी असते. तिचा वरचा पत्रा गेला तरी गाडी उभी राहते. पद्मिनीला तशी चासी नाही. तळाचा पत्रा, दाराखालचे दोन पोकळ उंबरे, खांब आणि छप्पर एकमेकांना जोडून जी पेटी होते, तीच तिची चासी. हे पत्रे जाडीला एक मिलिमीटरच्या आसपास. त्यांचे बळ जाडीत नसते, घडीत आणि जोडात असते. आणि गंज नेमका घडीत आणि जोडात बसतो.

मिस्त्रीची हत्यारे साधी होती. प्रथम त्याने पेचकसाच्या लाकडी मुठीने उंबऱ्यावर पुढून मागे ठोकत नेले. पुढे टणटणीत आवाज आला, मध्ये जरा मंद, आणि मागच्या चाकाजवळ अगदी बद्द. “शेठ, हितं पत्रा वाजत न्हाई,” तो म्हणाला. मग त्याने जुन्या स्पीकरचे चुंबक फडक्यात गुंडाळून त्याच रेषेवरून फिरवले. पुढे ते घट्ट चिकटले. मागे वीतभर लांबीच्या पट्ट्यावर धरेचना, खाली गळून पडले. रंगाखाली पत्रा नव्हताच. होती ती लांबी. भिंतीच्या भेगा बुजवतात तसा गाडीचे खड्डे बुजवणारा लगदा.

आतली चटई उचलली तेव्हा तिच्याखालचे ज्यूट दमट निघाले. डिकीतले रबर काढले, तर कोपऱ्यात तपकिरी पापुद्रे, विस्कटलेल्या पुस्तकाच्या पानांसारखे एकावर एक. एका पापुद्र्याखाली पेचकसाचे टोक टेकवताच ते आरपार गेले. ती जागा कमानपाट्याच्या मागच्या टोकापासून चार बोटांवर होती. मागच्या चाकांचा भार ज्या जागांवर पेटीला टेकतो, त्यांतली ही एक जागा.

लांबी कधी भरली गेली, हे आठवायला वेळ लागला नाही. बारा-तेरा वर्षांपूर्वी घरातल्या लग्नाआधी गाडी रंगाला दिली होती. एका गॅरेजात तिचे पत्रेकाम झाले. गंज कापून काढण्याऐवजी त्यावर पातळ पत्र्याचे ठिगळ टाकले गेले, वर लांबी, वर रंग, आणि खालून डांबरासारखा काळा थर. गाडी इतकी सुंदर दिसत होती की वरातीत लोकांनी नवरदेवाआधी तिच्याकडे पाहिले. तो काळा थर निरोगी पत्र्यावर चांगला. जिवंत गंजावर मारला की आतला ओलावा कोंडून ठेवतो आणि काम दुप्पट वेगाने चालते. पैसे घेऊन केलेले असे झाकण न केलेल्या दुरुस्तीपेक्षा वाईट, कारण त्याने पुढच्या तपासणीचेही डोळे बांधले जातात.

पण मुळात गंज आला कुठून? मिस्त्रीने गाडीला विचारावे तसे घराला प्रश्न विचारले, आणि उत्तरे एकेक करून बाहेर आली. पहिली वीस वर्षे दुकानाचा किरकोळ माल बारामतीच्या बाजारातून याच डिकीतून येई. त्यात मिठाच्या गोण्या असत. मीठ पावसाळ्यात हवेतला ओलावा ओढून स्वतः पाझरते, आणि मिठाचे पाणी लोखंडावर पसरले की विजेच्या घटात चालते तीच क्रिया पत्र्यावर सुरू होते. नंतर मिठाच्या जागी खते आली. पोटॅशचे नेहमीचे खत म्हणजे पोटॅशियम क्लोराईड, मिठाचेच भावंड. गाडी धुवायला पाणी बोअरचे. उसाच्या पट्ट्यातले हे पाणी इतके क्षारयुक्त की काचेवर वाळले की पांढरे ठिपके उठतात. सांध्यांत तेच ठिपके दिसत नाहीत, इतकेच.

आणि चौथे कारण घराच्या शिस्तीतच होते. मोठे शेठ चातुर्मासात प्रवासाची मर्यादा पाळतात. चार महिने गाडी गोदामाच्या छपराखाली, ताडपत्रीत गळ्यापर्यंत गुंडाळलेली असे. पाऊस बाहेर राही, पण आतला दमटपणाही आतच राही. गाडीला वारा हवा असतो, हे कोणाच्या ध्यानात आले नाही. वर्षांमागून वर्षे, काळजी म्हणून, तिला दमट पिशवीत ठेवले गेले.

शेवटचे कारण ऐकून मात्र मिस्त्रीलाही हसू आवरेना. उंबऱ्याच्या तळाला पाणी निथळण्यासाठी भोके असतात. या गाडीच्या सहा भोकांपैकी चार चिखलाने बुजलेली होती, आणि तो चिखल रस्त्याचा नव्हता. कुंभारीण माशीने तिथे घरे बांधली होती. पूर्वी एकदा नोकर ती खरवडायला निघाला, तेव्हा घरातल्या आजींनी त्याला थांबवले होते: आत पिल्ले आहेत, ती उडून जाऊ देत. पिल्ले काही आठवड्यांत उडून गेली. रिकामी घरे काढायची मात्र राहून गेली, आणि दाराच्या काचेवरून आत उतरणारे पाणी उंबऱ्यातच मुक्कामाला राहू लागले.

लोखंडाचा गंज ॲल्युमिनियमच्या थरासारखा आतल्या धातूला झाकत नाही. तो सच्छिद्र असतो, पाणी धरून ठेवतो, आणि मूळ धातूच्या दुपटीहून अधिक जागा व्यापतो. म्हणून सांध्यात शिरला की दोन पत्रे पाचर ठोकावी तसे फाकवतो. दिल्लीचा लोहस्तंभ सोळाशे वर्षे टिकला, तो त्या लोखंडातल्या फॉस्फरसमुळे त्यावर बसलेल्या घट्ट पातळ थराने. गॅरेजमध्ये गंजावर फॉस्फरिक आम्ल लावतात त्यामागेही असाच फॉस्फेटचा थर बसवण्याचा हेतू असतो. पण आम्ल लावायला खाली पत्रा शिल्लक असावा लागतो.

त्या रात्री जेवणानंतर, म्हणजे सूर्यास्तापूर्वीच, घरात बोलणे निघाले. धाकट्या मुलाचे म्हणणे व्यवहाराला धरून होते. “बाबा, चाळीस वर्षांची गाडी आहे. घेणाऱ्याला गंज असणार हे ठाऊकच असतं. जशी आहे तशी देतोय आपण. त्यानं स्वतः पाहून घेतलीय.”

“त्याला ठाऊक असतं, तर त्यानं हा भाव दिला असता का?” मोठ्या शेठांनी विचारले.

“पण लांबी आपण थोडीच भरली? आपल्यालाही कालच कळलं.”

“कालपर्यंत कळलं नव्हतं, तोवर गोष्ट वेगळी होती.”

अचौर्य अणुव्रताच्या अतिचारांत खोट्या वजनमापाशेजारीच ‘प्रतिरूपक व्यवहार’ सांगितला आहे: अस्सल म्हणून दुसरेच काही देणे. धान्यात खडे आणि तुपात भेसळ ही त्याची दुकानातली ओळखीची रूपे. प्रतिक्रमणात ज्याचे नाव दर वेळी ओठांवर येते, ते पत्र्याच्या जागी असलेल्या लांबीलाही लागू पडते, हे मोठ्या शेठांनी फार न बोलता सांगितले. धाकट्याला ते पटले, असे म्हणता येणार नाही. तो उठून हिशेब मांडायला बसला. पण दुसऱ्या दिवशी फलटणला फोन त्यानेच केला.

शिक्षक आला. मिस्त्रीने त्याला गाडीखाली नेऊन चुंबक हातात दिले आणि स्वतः बाजूला झाला. पर्याय दोन होते: बयाणा परत, किंवा ठरलेल्या भावातच घराच्या खर्चाने खरी दुरुस्ती. शिक्षकाने आठ दिवस मागितले. नवव्या दिवशी त्याने दुरुस्ती मान्य केली. अट एकच घातली, कापाकापी आपल्यासमोर व्हावी.

काम सहा आठवडे चालले. बाहेर गळीत हंगाम ऐन भरात आला होता. माळेगाव कारखान्याकडे निघालेल्या उसाच्या ट्रॉल्या गॅरेजसमोरून जात आणि मळीचा वास आत येई. आधी बॅटरी आणि पेट्रोलची टाकी उतरवली गेली. मग मिस्त्रीने दोन्ही दारांच्या चौकटींत लोखंडी अँगल आडवे टाचून घेतले. उंबरा कापला की मधोमध गाडी बसते, आणि एकदा बसलेली पेटी पुन्हा सरळ होत नाही. घाईच्या कामात टाळला जातो तो हाच टप्पा. नंतर ठिगळ, लांबी, काळा थर सारे काढून पांढरा, चमकणारा पत्रा दिसेपर्यंत कापत नेले. वीतभराचे काम हातभर झाले. कुर्ल्याच्या जुन्या बाजारातून आणलेला एक उंबरा दुसऱ्याच गाडीच्या गंजाने खाल्लेला निघाला; तो परत गेला आणि नवा पत्रा इथेच वाकवून केला.

गॅस वेल्डिंगची आच पातळ पत्र्याला वेडावाकडा करते, म्हणून सीओटू वेल्डिंगने, एक टाका इथे, पुढचा दूर तिथे, मध्ये निवू देत, असे टाके घातले. आतला पत्रा आधी, बाहेरचा नंतर. दोन पत्र्यांमध्ये जस्ताचे प्रायमर, कारण जस्त स्वतः झिजते आणि लोखंडाला राखते. सांधे सीलरने बंद झाले. पोकळीत पातळ मेण फवारले गेले. लांबी अखेर लागलीच, पण वेल्डिंगची रेघ लपवण्यापुरती, कागदाच्या जाडीची. शिक्षक दर रविवारी येऊन बसे. एका रविवारी त्याने धाकट्या मुलाला खर्चाचा आकडा विचारला. तो गाडीच्या किमतीच्या निम्म्यावर गेला होता. त्याने वाटा देऊ केला. मोठ्या शेठांनी तो घेतला नाही. गाडी घेऊन जाताना पेट्रोल भरून जावे, एवढे म्हणाले.

शेवटच्या दिवशी मिस्त्रीने पुन्हा दाराखाली जॅक लावला, चाक वर उचलले आणि मागचे दार बोटाने लोटले. ते मिटले. मग त्याने शिक्षकाला गोणपाटावर आडवे व्हायला लावून सहाही भोके मोजून दाखवली आणि सायकलच्या आऱ्याचा एक तुकडा त्याच्या हाती दिला: पावसाळ्यात दर पंधरवड्याला प्रत्येक भोकात घालून पाहायचा, ताडपत्री गुंडाळायची नाही, गाडी महिन्यातून दोनदा तरी उन्हात फिरवायची. आजी पायरीवर बसून ऐकत होत्या. त्यांनी त्यात एक पुस्ती जोडली. भोकात कुंभारणीचे घर दिसले आणि माती ओली असली, तर आरा घालायचा नाही. पिल्ले उडेपर्यंत थांबायचे, आणि गाडी तोवर कोरड्यात ठेवायची.